अडीचचा मिस कॉल

१

रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास इनायतचा फोन एकदाच वाजायचा आणि गप्प बसायचा. तो उचलायचा नसतो, हे पोर्ट फुआदमधल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. एक रिंग म्हणजे रफअत कालव्यापलीकडच्या पोर्ट सईदहून फेरीबोटीत चढला, भाताखालचा गॅस पेटव. दोन रिंगा म्हणजे चढला आणि हातात रोट्या आहेत, बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडून ठेव. तीन म्हणजे सोबत पाहुणा आहे, घरच्या गाऊनमध्ये दार उघडू नकोस.

ही भाषा दोघांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ठरवली होती. मोबाइल नवा होता, मिनिटभर बोलणं ही चैन होती आणि अख्खं गाव असंच एकमेकांना रिंग देऊन बोलत होतं. त्याआधी रफअत खाली रस्त्यात उभा राहून हाक मारायचा. त्याच्या एका हाकेला चार बाल्कन्यांतून चार बायका डोकवायच्या आणि कुणाकडे आज काय शिजलंय ते सगळ्या गल्लीला कळायचं. मोबाइल आला आणि गल्लीची ती करमणूक गेली. फिरियालबाई दुसऱ्या मजल्यावरून अजूनही त्याबद्दल हळहळायच्या.

आता बोलणं जवळजवळ फुकट झालं होतं. दोहाला राहणारी लेक, रीहाम, दर आठवड्याला डोक्याला हात लावायची. "बाबा, सरळ फोन करून बोला ना! रिंग देऊन कट कोण करतं आता?"

"फुकट आहे म्हणून काहीही बोलायचं का?" रफअत म्हणायचा. "बोटीत चढलो, एवढंच तर सांगायचंय. ते एका रिंगेत मावतं."

रीहामने आईला मोठ्या पडद्याचा फोन पाठवला होता. बापाने मात्र आपला जुना बटणांचा फोन सोडला नाही. इनायतला त्या मोठ्या फोनचा उपयोग चांगलाच झाला, कारण दोन वर्षांपासून तिचा गुडघा जिन्याला तयार नव्हता. वाण्याला ती आवाज रेकॉर्ड करून यादी पाठवी. मासळीवाला माशांचे फोटो धाडी, मग ती त्याला झापे, "अरे, कल्ले उघडून दाखव मेल्या, चेहरा काय दाखवतोस, मला त्याच्याशी लग्न करायचंय का?" सामान टोपलीतून वर येई. डॉक्टरकडे जाण्याचे दिवस सोडले तर दोन वर्षांत ती खाली उतरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची फारशी खंतही राहिली नव्हती.

रफअतचं वय एकाहत्तर. पलीकडे एका मित्राच्या दुकानात तो जहाजांच्या दोरांना गाठी घालून द्यायचा. कामापेक्षा गप्पाच जास्त. डॉक्टरांनी हृदयाची झडप थकल्याचं सांगितलं होतं आणि बजावलं होतं, की बहात्तर पायऱ्यांचा हा जिना दिवसातून एकदाच चढायचा. दोनदा नाही. त्यावर घरात मोठं भांडण झालं आणि शेवटी तह झाला, की तो सकाळी एकदा उतरेल आणि दुपारी एकदा चढेल. बोटीची दहा मिनिटं, धक्क्यापासून चालायची पंधरा आणि जिन्याची पाच. पूर्वी जिना दोन मिनिटांचा होता. वाढलेली तीन मिनिटं इनायत रोज दाराशी कान देऊन मोजत असे, आणि त्या तीन मिनिटांत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

२

त्या रविवारी फोन अडीचलाच वाजला. एकदा.

इनायतने घड्याळाकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. पडद्यावर रफअतचं नाव होतं आणि लेकीने लावून दिलेला, समुद्रावर टोपी घातलेला त्याचा फोटो. लवकर सुटला असेल बिचारा, असं म्हणून तिने भात चढवला, मासे गरम करायला ठेवले, सलाड चिरलं. पावणेतीन झाले. तीन वाजले. भात तयार होऊन खाली लागायला लागला. साडेतीनला फोन पुन्हा एकदा वाजला आणि चारला रफअत दारात उभा राहिला.

"कुठे हिंडत होतास?" इनायतने दारातच विचारलं. "तासभर आधी रिंग देतोस, माझा भात करपला."

"मी? मी आत्ता दिली, बोटीत चढताना."

"आणि अडीचला?"

"अडीचला मी दुकानात चहा पीत होतो. हवं तर विचार सगळ्यांना." त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. त्याच्या फोनवरून दिवसभरात एकच कॉल गेला होता, साडेतीनचा. तिच्या फोनवर दोन आले होते.

करपलेला भात त्याने मिटक्या मारत खाल्ला. तळाचा कडक थर आपल्याला खास आवडतो, असं तो म्हणाला. हा माणूस चाळीस वर्षं तिच्या स्वयंपाकाबद्दल खोटं बोलत आला होता आणि तिला ते फार आवडायचं.

३

सोमवारी बरोबर अडीचला पुन्हा एक रिंग आली. या वेळी इनायतने गॅस पेटवला नाही. खिशात बटण दाबलं जात असेल, असं तिने स्वतःला समजावलं. जुना फोन, म्हातारा माणूस, खिशात किल्ल्या. सगळं पटण्यासारखं होतं.

स्वयंपाकघराची खिडकी आणि घराचं दार एका रेषेत होतं. वारा यावा म्हणून ती दुपारी दार फटीपुरतं उघडं ठेवायची. तीनला पाच कमी असताना खालचं लोखंडी फाटक वाजलं आणि कुणीतरी जिना चढायला लागलं.

तिने हातातली सुरी ठेवली. उजवा पाय जड, डावा हलका. पाच पायऱ्या, मग थांबणं, मग पुन्हा पाच. हात फिरवून कठड्याला अंगठी एकदा घासणं. बाई चाळीस वर्षं एका माणसाबरोबर राहिली की तिला पावलं ओळखायला डोळे लागत नाहीत. पावलं पहिल्या मजल्यापर्यंत आली, तिथे थांबली आणि संपली.

दार लागल्याचा आवाज नाही, परत उतरल्याचा नाही. इनायत बाहेर येऊन कठड्यावरून वाकली. "रफअत?" तिने हाक मारली. खाली पहिल्या मजल्यावरचा जिन्याचा दिवा लागलेला होता. तो बटण दाबलं की लागतो आणि मिनिटभराने आपोआप विझतो. ती बघत राहिली आणि तिच्यासमोरच तो विझला.

दंतवैद्याकडे कुणी आलं असेल, असं तिला वाटलं. पहिल्या मजल्यावर दंतवैद्य होताच. त्याच्याकडे रफअतसारखा जड पायाचा एखादा म्हातारा येऊ शकतो की. आत येऊन तिने दार पूर्ण लावून घेतलं, आणि त्या दिवशी स्वयंपाकघर उकाड्याने भरून गेलं.

साडेतीनला रिंग आली. चार वाजून गेल्यावर रफअत आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. बूट न काढताच बसला. असं तो कधी करत नसे.

"काय झालं?"

"काही नाही गं. जिना लांबलाय आज." तो हसला, पण बोलता बोलता मध्ये श्वास घ्यायला थांबला.

४

मंगळवारी सकाळी तिने रीहामला व्हिडिओवर गाठलं. रीहाम ऑफिसच्या गाडीत बसली होती आणि एका कानाने आईचं ऐकत होती.

"आई, नेटवर्कचा घोळ असतो तो. कालचा कॉल कधी कधी आज पोचतो."

"आणि पावलं? पावलंही नेटवर्कनेच येतात का?"

रीहामने कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते इनायतला अजिबात आवडलं नाही. म्हातारी आई एकटी बसते, तिला भास व्हायला लागले, असं काहीतरी त्यात होतं. "आई, तुम्ही दोघं इकडे या ना. आमच्याकडे लिफ्ट आहे. बाबांना एकही पायरी चढावी लागणार नाही."

"तुझ्या बाबांना तू विचार. त्यांना बोट लागते, मित्र लागतात, पलीकडची भुक्कड कॉफी लागते." मग तिने विषय बदलला, नातवाच्या दातांचं विचारलं आणि फोन ठेवला. हल्ली जग असं झालं होतं, की लेकीचा चेहरा रोज दिसायचा आणि त्या चेहऱ्याला खरं काही सांगता यायचं नाही.

अडीचला रिंग आली. तीनला पाच कमी असताना फाटक वाजलं. पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत आली.

अर्ध्या तासाने फिरियालबाई दोन टप्पे घेत वर आल्या. हातात वाडगा होता, त्यात घरची मुलूखियाची पातळ भाजी. पण त्यांचं लक्ष वाडग्यात नव्हतं. इनायतला त्या लेकीच्या नावानेच हाक मारायच्या. "उम्म रीहाम, रागावू नकोस, पण तुझा नवरा आमच्यावर नाराज आहे का गं?"

"का? काय झालं?"

"मघाशी मी दार उघडलं, तर तो आमच्याच मजल्यावर उभा. पाठमोरा, कठड्याला धरून. मी सलाम केला. उत्तर नाही. दुसऱ्यांदा केला, तरी नाही. इतकी वर्षं झाली, सलामाचं उत्तर न देणारा माणूस नव्हे तो. मला वाटलं, धाप लागली असेल. म्हणून दार लावून घेतलं."

"किती वाजले होते?"

"तीन असतील. आमची मालिका तीनला लागते."

इनायतने वाडगा घेतला, आभार मानले, फिरियालबाईंना बसायचा आग्रह केला आणि त्या बसल्या नाहीत म्हणून मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. आता दंतवैद्याचा पेशंट म्हणून भागणार नव्हतं.

त्या दिवशी रफअतला जिना चढायला आठ मिनिटं लागली.

५

बुधवारी तिने दार आतून कडी घालून बंद केलं आणि दाराच्या आत पाटावर बसून राहिली. रिंग आली, फाटक वाजलं, पावलं निघाली. पहिला मजला. दुसरा. फिरियालबाईंच्या टीव्हीचा आवाज मध्येच बारीक झाला, म्हणजे त्याही कान देऊन होत्या. पावलं तिसऱ्या मजल्यावर आली आणि थांबली. मग तो खोकला.

तो खोकला तिला पाठ होता. थंडीत, रमजानात, लग्नातल्या फोटोच्या वेळी ऐन क्षणी, रीहाम जन्मली तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळीकडे तोच खोकला होता. तिला भीती वाटायला हवी होती आणि ती वाटतच होती. पण त्याच्या जोडीला तोंडात आलं ते भलतंच. "पाणी आणू का?" असं ती दाराला म्हणून बसली.

पावलं तिथेच संपली.

रफअत चारनंतर आला तेव्हा त्याचे ओठ निळसर झाले होते. तिने त्याला सोफ्यावर आडवं केलं, बूट काढले, पाठीशी उशा रचल्या. तो डोळे मिटून पडला. मग म्हणाला, "विचित्रच आहे. पहिल्या पायरीला पाय ठेवतो तेव्हाच पाय भरून आलेले असतात. हा जिना आज एकदा चढून झालाय, असं वाटतं."

इनायत त्याचे पाय दाबत होती. ती थांबली.

"पुन्हा बोल."

"काय पुन्हा बोल? दोनदा चढल्यासारखं वाटतं, एवढंच. म्हातारा झालो, इनायत हानिम, बाईसाहेब. आता तुम्ही एखादा तरुण बघा."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. अडीचची रिंग, पावलं, दिवा, फिरियालबाईंचा सलाम, खोकला. तो ऐकून घेत होता. मध्ये एकदा हसला, मग हसायचा थांबला, मग तिला बरं वाटावं म्हणून पुन्हा हसला.

"तुझा दुसरा नवरा असेल," तो म्हणाला. "तासभर आधी घरी येतो म्हणजे माझ्यापेक्षा गुणीच म्हणायचा. त्याला विचार, टोपलीत रोट्या ठेवायची आठवण राहते का त्याला."

"थट्टा पुरे. उद्या तू घरी राहायचंस."

"उद्या दुकानात बोटीचा मोठा दोर यायचाय."

"रफअत, मी तुझ्याकडे चाळीस वर्षांत काय मागितलं?"

त्याने विचार केला. मागण्यांची यादी लांबलचक होती हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तिचा चेहरा बघून त्याने ती वाचून दाखवली नाही. "बरं," तो म्हणाला. "उद्या घरी."

६

गुरुवार चांगला गेला, हे मुद्दाम सांगायला हवं. रफअतने पायजम्यात बाल्कनीत बसून वर्तमानपत्र वाचलं, मासळीवाल्याच्या फोटोवरून बोई निवडली आणि कल्ल्यांवरून इनायतशी वाद घातला. ओठांचा रंग परत आला होता. तिने त्याचा फोन मागून घेतला, मागचं झाकण काढलं, बॅटरी वेगळी केली. फोन आपल्या एका खिशात, बॅटरी दुसऱ्या.

"कैदी झालो मी," तो म्हणाला.

"झालासच."

एक वाजता जेवले. दोनला तो सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपला आणि लगेच घोरायला लागला. इनायत समोरच्या खुर्चीत बसली. आपला फोन तिने मांडीवर ठेवला होता. घोरणं ऐकता ऐकता तिला वाटायला लागलं, की रीहाम म्हणते तेच खरं असेल. दुपारी एकट्या बसणाऱ्या बाईला काहीही ऐकू येतं. आज माणूस समोर आहे, फोनची बॅटरी खिशात आहे. आज काही होणार नाही.

अडीच वाजले आणि मांडीवरचा फोन वाजला.

रफअतचं नाव. समुद्रावरचा फोटो. एकदा वाजला. इनायत सवयीने मोजत होती. दुसऱ्यांदा वाजला. दोन रिंगा. हातात रोट्या आहेत.

आणि तिने पंचवीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. तिने तो उचलला.

आधी इंजिनाची घरघर आली. मग समुद्रपक्षी, बोटीवरच्या चहावाल्याची हाक, वारा. आणि मग त्याचा आवाज, चिडलेला. "अगं, उचललास कशाला? पैसे जातात ना!"

सोफ्यावर रफअत घोरत होता. त्याची पाठ संथ वरखाली होत होती.

"कोण आहेस तू?" तिने कुजबुजत विचारलं.

"कोण म्हणजे? काय झालंय तुला? रोट्या घेतल्यात, गरम आहेत. टोपली राहू दे, मीच वर घेऊन येतो."

"वर येऊ नकोस. ऐकलंस? वर चढू नकोस!"

"काय? आवाज तुटतोय गं. आलोच." आणि फोन बंद झाला.

तिने तोच नंबर फिरवला. खिशातल्या फोनमध्ये बॅटरी नव्हती, त्यामुळे अर्थातच तो बंद असल्याचं एका बाईने शांतपणे सांगितलं. तिने पुन्हा फिरवला. त्या बाईने पुन्हा तेच सांगितलं.

७

तीनला पाच कमी असताना फाटक वाजलं.

इनायत सोफ्याजवळ जमिनीवर बसली होती आणि तिचा तळहात रफअतच्या पाठीवर होता. त्याची धाप त्या पावलांशी जोडलेली आहे का, याची तिला खात्री करून घ्यायची होती. ती झाली असती तर बरं झालं असतं असं नव्हे, पण तिला जाणून घ्यायचंच होतं.

पहिली पायरी वाजली आणि घोरणं थांबलं. पाच पायऱ्या झाल्या, तोवर रफअत तोंडाने श्वास घेत होता. पावलं थांबली तेव्हा त्याची छाती जराशी सावरली. पावलं निघाली आणि पुन्हा धाप सुरू झाली. तो जागा नव्हता. त्याचं सगळं अंग झोपेतच जिना चढत होतं. मानेवर घाम आला. पहिला मजला झाला तेव्हा त्याने हात छातीवर नेला आणि शर्ट मुठीत धरला.

काल तो तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. आज चौथ्यावर येणार होता. इनायतला हिशेब करावा लागला नाही. दाराची कडी कितीही घट्ट लावली तरी ती दाराला होती. जिन्याला कडी नसते. त्या पायऱ्या चढून होता कामा नयेत, एवढंच होतं आणि ते फोनवरून सांगून झालेलं होतं.

ती उठली. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. तिने दार उघडलं, उघडंच ठेवलं, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा एकटी खाली उतरायला लागली.

"थांब!" ती ओरडली. "थांब तिथेच, मी येते!"

पावलं थांबली.

एकेक पायरी बसल्यासारखी उतरत ती तिसऱ्या मजल्यावर आली. तिथून पुढे जिना वळत होता. भीती होतीच आणि त्याच वेळी तिला रागही येत होता, की या माणसाला सांगितलेलं कधी ऐकायचंच नसतं. वळणावर आली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागलेला होता. आठ-दहा पायऱ्या खाली एक हात कठड्यावर होता. त्याच्या बोटात अंगठी होती. दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेल्या रोट्या. करड्या पँटची घडी तिनेच घातलेली, डाव्या पायाच्या शिलाईला तिचाच धागा.

तेवढ्यात दिवा विझला. तिला त्याचे उपकारच वाटले, कारण गळ्याच्या वर बघायची तिची तयारी नव्हती.

"गुडघा?" त्या अंधारातून त्याने विचारलं.

"दुखतोय," इनायत म्हणाली. चाचपडत ती आणखी सात-आठ पायऱ्या उतरली. "तरी आले. तू आणखी चढू नकोस. माझी शपथ आहे तुला. बस इथे, माझ्याजवळ बस."

ती पायरीवर बसली. क्षणभराने तोही वर आला, दोनच पायऱ्या, आणि शेजारी बसला. रोट्यांची ऊब तिच्या कोपराला लागली. समुद्राचा, दोरांच्या डांबराचा आणि त्याच्या जुन्या कोटाचा वास आला. एवढा जिना चढून आलेला माणूस, पण तो अजिबात धापा टाकत नव्हता. शेजारून श्वासाचा आवाजच येत नव्हता. ते काम वर, सोफ्यावर चाललं होतं.

तिने कान देऊन ऐकलं. उघड्या दारातून हळूहळू, एकेक करून, रफअतची धाप उतरत गेली. मग शांत झाली. मग थोडंसं घोरणं ऐकू आलं, आणि इनायत रडायला लागली. तिने शेजारी बसलेल्याचा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. गुडघा ओळखीचाच होता.

"जेवण?" त्याने विचारलं.

"होईल. घाई काय आहे?"

बराच वेळ दोघं तसेच बसले. फिरियालबाईंच्या घरातून मालिकेचं संगीत येत होतं. दार मात्र उघडलं नाही.

मग वर सोफ्याच्या स्प्रिंगा करकरल्या. "इनायत?" झोपेतून उठलेला, जाड झालेला रफअतचा आवाज जिन्यात उतरला. "इनायत! दार उघडं टाकून कुठे गेलीस?"

शेजारी बसलेल्याने कठड्याला हात घातला आणि उठायला लागला.

"तू नाही," इनायत हळूच म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यावर सगळं वजन टाकलं. "तू बस. त्याने मला हाक मारलीय."

वरून सपातांचा आवाज दाराशी आला. आता तो खाली उतरेल, मग त्याला पुन्हा चढावं लागेल, हे तिच्या लक्षात आलं. आणि आपण उठलो तर हा मागोमाग येईल, हेही.

"खाली नको येऊस!" ती वर बघून ओरडली. "मी फिरियालबाईंकडे वाडगा द्यायला आले होते. आले हं, आले!"

आणि ती तशीच बसून राहिली.